काडी कुणीच लावली नाही

ऊसतोडीची टोळी कोयते उचलून पुढच्या फडात गेली, की कळंबच्या खालच्या वस्तीवर साखरबाई पदर गळ्याशी आवळून बसायची. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीला थंडी वाजतेय. थंडी कसली न् काय! तिला पक्कं ठाऊक असायचं, चार दिवसांत फडात पडलेला उसाचा पाला, म्हणजे पाचट, वाळणार आणि पाचव्या दिवशी कुणीतरी काडी लावणार. वस्तीवर घरं सात, आणि सातही घरांचा ऊस कालव्याच्या एकाच चारीवर. एकानं पेटवलं की दुसऱ्याला दम निघायचा नाही. मग दोन-दोन पुरुष उंच जाळ, तडातड आवाज, आणि वरून काळी काजळी. ती वाळवणावर पडायची, दुधाच्या चरवीत पडायची, शाळेतून येणाऱ्या पोरींच्या वेण्यांवर पडायची. बाकीच्यांचं काय, झटकली की गेली. साखरबाईच्या मात्र छातीत जाऊन बसायची.

दमा तिला नऊ वर्षांपासून. आडवं पडून झोपणं म्हणजे काय ते ती विसरून गेली होती. खांबाला पाठ लावून, गुडघ्यावर उशी घेऊन बसायची, आणि श्वास ओढताना गळ्याखालचा खळगा असा आत जायचा की बघणाऱ्यानं दुसरीकडं बघावं. बारामतीच्या डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला होता आणि तिच्या नवऱ्याला, गेणबाला, बजावून सांगितलं होतं, "बाबा, हिला औषध मी देतो, पण धुराचं तुमच्याकडं. धूर तेवढा लांब ठेवा."

गेणबानं त्याच दिवशी विडी सोडली. चाळीस वर्षांची विडी! बंडल एस.टी. स्टँडावरच टाकून दिलं. चूल परसात हलवली, सुनेसाठी गॅसची शेगडी आणली. पण शेतातल्या धुराचं काय करणार? पाचट तर तो स्वतःही जाळत होता. त्याचा बाप मेंढरांमागं हिंडला, तोही अर्धं आयुष्य मेंढरांमागं हिंडला, मग कळप मोडून कालव्याखाली ऊस केला. ऊस कसा करायचा ते ज्यांच्याकडून शिकला, त्यांनी पाचट जाळायलाही शिकवलं. मेंढरं गेली, पण मेंढक्याची एक खोड मात्र त्याच्या अंगात राहिली. सकाळी उठला की अंगणातली चिमूटभर माती घ्यायची, हात उंच करून सोडायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. वारं बघितल्याशिवाय तो चूळसुद्धा भरायचा नाही. वस्तीवरची माणसं कडबा रचायच्या आधी त्याला विचारून जायची, आणि त्याचा त्याला अभिमान होता. का नसावा? आजवर चुकला नव्हता.

सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर कृषी सहायक चित्रं दाखवायचं यंत्र घेऊन वस्तीवर आला. बिरोबाच्या देवळाची दारं लावून भरदुपारी अंधार केला, पांढऱ्या धोतराचा पडदा बांधला. चित्रात धुराडी होती, फुटलेली जमीन होती, बर्फाचे डोंगर होते. बायका बर्फाकडंच बघत राहिल्या. सहायक पोरगेलासा होता, पण सांगायची हातोटी चांगली.

"हा धूर वर जातो आणि पृथ्वीभोवती बसतो," तो म्हणाला. "तुमचं घोंगडं असतं ना, तसा. उन्हाळ्यात कुणी घोंगडं पांघरवून बसवलं तर काय होईल? तसं तिला होतंय. तिला ताप भरतोय. पावसाचे दिवस हलतील, वारे बदलतील. हे परदेशात नाही, इथं होणार आहे."

साखरबाई खांबाला टेकून बसली होती. "ते घोंगडं माज्या छातीवर कवाच बसलंय, साहेब," ती म्हणाली, आणि सगळे हसले. ती पण हसली, मग खोकली.

मग गेणबा उठला. त्याला बोलायची हौस होती, हे काही लपवण्यासारखं नाही. "साहेब सांगत्यात ते खोटं न्हाय," तो म्हणाला. "पयलं वळीव कसा यायचा? चैतात चार डाव. वारं दुपारी मावळतीचं सुटलं की सांजपत्तूर हालत नव्हतं, मेंढरं त्याच्या भरवशावर चरायची. आता? आता वाऱ्याचा भरवसा ऱ्हायला न्हाय. आपुनच केलंय हे."

माना डोलल्या. समजत कुणाला नव्हतं? सगळ्यांना समजत होतं. पाचट जाळल्यानं जमीन कडक होते, गांडुळं मरतात, हेही सगळ्यांना तोंडपाठ होतं. रेडिओवर रोज तेच तर सांगत होते.

"तर मग बेलभंडारा उचला," गेणबा म्हणाला.

आता ही गोष्ट साधी नव्हे. त्या वस्तीवर बिरोबाच्या नावानं उचललेला भंडारा म्हणजे कोर्टातल्या शपथेसारखा नाही, की बाहेर आलं की विसरलं. भंडारा मोडला तर घरात दूध नासतं, अशी पक्की समजूत. पण साखरबाई समोर खांबाला टेकून बसलेली, छातीत तिच्या पावा वाजल्यासारखा आवाज. नाही कोण म्हणणार? शेजारचा जोतीराम पहिला उठला, मग बाकीचे. सात घरांच्या सात कर्त्यांनी बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून गेणबामागं म्हटलं, "बिरोबाची आन. माज्या हातानं पाचटाला काडी लावनार न्हाय."

घरी येताना साखरबाई दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी बांधावर बसून ती म्हणाली, "आन कच्ची घेतली तुमी."

"कच्ची कशी?"

"काडी लावनार न्हाय, म्हनलं. पेटू देनार न्हाय, असं म्हनायला पायजे हुतं."

"तू म्हंजी वकीलच झालीस बघ," गेणबा म्हणाला. "काडी लावल्याबिगर पेटतंय व्हय कुठं?"

"तुमाला म्हाईत," ती म्हणाली, आणि हात पुढं केला. त्यानं तिला उठवलं.

पाचट न जाळता खोडवा ठेवायचा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून दुसरं पीक घ्यायचं, हे कष्टाचं काम. गुडघाभर पाचट. ते एका सरीतलं ओढून दुसऱ्या सरीत दाबायचं, उसाचे बुडखे उघडे करायचे, खत पसरायचं. पाचटाच्या पात्याची धार अशी, की संध्याकाळपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत मांजरानं ओरबाडल्यासारखं व्हायचं. घाम लागला की आग आग. पण सात घरांनी इर्जिक घातली, म्हणजे आज एकाच्या रानात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. गेणबानं सांगितलं, "माझं रान समद्यात शेवटी." पुढारीपण केलं होतं ना त्यानं! पुढाऱ्याचं रान आधी करून घेतलं तर लोक बोलले असते. मुलगा दादासाहेब तेव्हाच कुरकुरला होता.

"आबा, आपलं दोन एकर हाय. शेवटाला आपल्याकडं कोन येतंय बघा."

"येतील की! आन घेतलीया."

तीन रानं झाली. त्या पंधरा दिवसांत वस्तीवर धुराची रेघ उठली नाही. आणि काय सांगावं, साखरबाई सुधारली. एके सकाळी गेणबा उठला तर खांबापाशी ती नव्हती.  बाहेर येऊन बघतो तर बाई अंगण झाडतेय! चार हात झाडायची, झाडूवर हात टेकून उभी राहायची, पुन्हा झाडायची. सून विजयमाला दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

"आत्याबाई ऐकंनात," ती म्हणाली.

त्या दिवशी साखरबाई भाकरी घेऊन शेतावर आली. नऊ वर्षांनी! लिंबाखाली बसून सगळ्यांना भाकरी-कोरड्यास वाढलं. जोतीरामच्या पानात दोनदा वाढलं, कारण तो लहानपणापासून तिच्या हातचं खाऊन वाढलेला. खाऊन झाल्यावर गेणबा तिच्याशेजारी टेकला. तिनं त्याचे ओरबाडलेले हात मांडीवर घेतले आणि त्यावर खोबरेल लावत बसली. लोकांदेखत! म्हाताऱ्याला कुठं बघावं कळेना.

"मी मेले तर मला जाळू नगा बरं का," ती म्हणाली.

"हे काय काढलंस आता?"

"न्हाय, सांगून ठेवतीया. तुमच्या आज्याला वाटंवर पुरलं हुतं न्हवं, मेंढरांत असताना? तसं पुरा. समद्या जल्माचा धूर खाऊन झाला माजा. आनि गारठ्यात नगा ठिवू. गारठा सोसत न्हाय मला."

"शंभर वर्सं मरत न्हाईस तू," गेणबा म्हणाला. जोतीराम पलीकडून ओरडला, "वैनी, तुमी आमाला समद्यांना पोचवून जानार!" आणि साखरबाई खळखळून हसली. हसली आणि खोकली नाही. गेणबानं ते ध्यानात ठेवलं. त्याला वाटलं, जिंकलं आपण.

बुधवारी कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून आला. धरणात पाणी कमी, म्हणून पाण्याची पाळी अलीकडं ओढली होती. दहा दिवसांनी यायचं पाणी शुक्रवारी सकाळी चारीला सुटणार होतं.

"ही पाळी घ्या आनि मग चैतापत्तूर वाट बघा," तो म्हणाला. "ज्याचं रान तयार न्हाय त्याचं दार मी उघडनार न्हाय. पानी तुंबवून फुकट घालवायला माज्याकडं न्हाय."

पाटकऱ्याचं खोटं नव्हतं. गुडघाभर अस्ताव्यस्त पाचटात पाणी सोडलं तर ते पुढं सरकत नाही. तिथंच तुंबतं, वरंबा फोडतं आणि शेजाऱ्याच्या रानात जातं. आणि आता पाणी चुकलं तर दोन महिने बुडखे कोरडे. खोडवा गेलाच म्हणायचा. चार घरांची रानं व्हायची होती. जोतीरामचं, गेणबाचं आणि पलीकडची दोन.

त्या रात्रीपासून इर्जिक मोडली. कुणी सांगून मोडली नाही, नुसतं दुसऱ्या दिवशी कुणी कुणाकडं आलं नाही. ज्यांची झाली होती ते चारीवरची आपापली पाण्याची दारं नीट करण्यात गुंतले, ज्यांची राहिली होती ते आपापल्या रानात वाकले. गेणबाच्या दोन एकरांत तो, दादासाहेब आणि विजयमाला, तिघंच. गुरुवारी दुपारपर्यंत चौथाई सुद्धा झालं नाही. विजयमालाचे हात रक्तानं चिकट झाले होते. दादासाहेबानं पाचटाचा भारा खाली आपटला.

"आबा, एक काडी! अर्ध्या तासाचं काम हाय!"

"भंडारा उचलला न्हवं मी?"

"मग बिरोबालाच बोलवा पाचट दाबायला."

गेणबा वाकून पाचट ओढायला लागला. सहासष्ट वर्षांची कंबर, वाकली की सरळ व्हायला झाडाचा आधार लागायचा. तीन वाजले असतील. सरळ झाला तेव्हा त्याला जोतीरामच्या रानातून धूर दिसला.

आधी बारीक. मग पाचटानं धरलं, तसा भपकन वर.

गेणबा धावत बांधावर गेला. जोतीराम आपल्या रानाच्या कडेला हात लोंबते सोडून उभा होता. गेणबाला बघताच त्यानं सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. चुन्याची डबी तेवढी खाली पडली.

"म्या काडी लावली न्हाय, गेणबादा. बिरोबाची आन. काड्याची पेटीच न्हाय बघ माज्याकडं. बांधावर शेनीचा इंगळ ठेवला हुता विडीला. वाऱ्यानं उडाला."

"वाऱ्यानं उडाला?"

"व्हय. वाऱ्यानंच." जोतीराम खाली बघत होता. "पानी उद्या हाय, गेणबादा. मी एकला मानूस. काय करू सांग तू."

गेणबाला त्याच्या एक थोबाडीत द्यावी वाटली. पण जाळ पुढं सरकत होता. दोघांच्या रानांमधला बांध चार हातांचा, वाळल्या गवताचा. तेवढं गवत झोडपून विझवलं असतं तर जाळ गेणबाच्या रानात येणार नव्हता, आणि त्याच्या रानातून पलीकडच्या दोन रानांत जाणार नव्हता. गेणबानं लिंबाचा चांगला दाट पाल्याचा फाटा मोडून घेतला आणि बांधावर उभा राहिला. जाळ वीस पावलांवर होता. मेंढरं राखताना माळावरचे असे वणवे त्यानं किती विझवले होते! दहा-बारा वेळा फाटा हाणायचा, बास.

त्यानं मागं वळून आपलं रान बघितलं. दीड एकर तसंच पडलेलं. त्याच्या टोकाला दोन माणसं, मुलगा आणि सून, मुंग्यांएवढी. उद्या सकाळी पाटकरी दार उघडणार नाही.

मग त्यानं जे केलं, ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. त्यानं खाली वाकून चिमूटभर माती घेतली, हात उंच केला आणि सोडली. माती उगवतीकडं गेली. वारं मावळतीचं. वस्ती मावळतीला. म्हणजे धूर कालव्याकडं जाणार, घराकडं नाही. दुपारचं मावळतीचं वारं सांजपत्तूर हालत नाही. त्याच्या जन्मात हाललं नव्हतं.

"आबा, हाणा की! फाटा हाणा!" लांबून विजयमाला ओरडली.

त्याला ऐकू आलं. हात वरही गेला. गवतानं धरलं, त्याच्या पायापासून चार बोटांवर. फाटा त्याच्या हातात होता. तो एक पाऊल मागं सरला, मग आणखी एक. जाळ बांधावरून असा सहज उतरला, जसा पाव्हणा ओळखीच्या घरात शिरतो. आणि दोन एकर पाचट पेटलं.

दादासाहेबानं बायकोचा हात धरून तिला मोकळ्या सरीतून बाहेर काढलं आणि बापाकडं नुसतं बघितलं. पलीकडच्या दोन रानांचे मालकही आपापल्या बांधावर येऊन उभे राहिले होते. त्यांच्याही हातांत फाटे होते. तेही तसेच उभे राहिले.

अर्ध्या तासात रान काळंभोर आणि स्वच्छ. सरी न् सरी मोकळी. खरं सांगायचं तर गेणबाला हलकं वाटलं. वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, पण त्याच्या खाली कुठंतरी हलकं वाटत होतं. आपण काडी लावली नाही, धूर कालव्याकडं गेला, पाणी उद्या येणार. तो लिंबाखाली टेकला.

आणि त्याच्या उजव्या कानाला वारं लागलं.

मघापासून ते डाव्या कानाला लागत होतं. त्यानं मान वळवली. धूर उभा झाला होता, काठी रोवल्यासारखा. मग वर जाऊन वाकला. चार रानांचा धूर, सगळा एकदम, हळूहळू वस्तीकडं वाकला.

म्हातारा पळत सुटला. चप्पल सरीत राहिली. बुडख्यांवर पाय फाटले. घरापाशी आला तेव्हा घर दिसतच नव्हतं. आत सगळी दारं लावलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या, तरी डोळे उघडवत नव्हते. शेजारच्या सिंधुबाईनं साखरबाईच्या तोंडावर ओला पदर धरला होता. साखरबाई खांबाला टेकून होती. दोन्ही हात जमिनीवर रोवलेले, ओठ जांभळे. गळ्याखालचा खळगा आत जाई आणि बाहेर येताना थांबे.

"पंप, पंप द्या!" गेणबा ओरडला.

"संपला," सिंधुबाई म्हणाली. "कवाचा दाबतीया मी. नुसता वाजतोय."

पंधरा दिवसांत लागलाच नव्हता. म्हणून कुणी बघितलाच नव्हता.

गेणबा तिच्यासमोर बसला. साखरबाईनं डोळे उघडले. आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं. हातात अजून फाटा होता. तो टाकायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"कुनी... लावली?"

"कुनीच न्हाय," गेणबा म्हणाला. "देवाशप्पत. काडी कुनीच लावली न्हाय."

तिनं हात उचलला. सिंधुबाईला वाटलं, पाणी मागतेय. पण तिनं फाट्याचं एक पान धरलं आणि अंगठ्यानं चोळलं. लिंबाचं कोवळं पान. त्यावर ना काजळी, ना डाग.

"हिरवंच हाय की," ती म्हणाली.

तेवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर गेणबाला बरं वाटलं असतं.  नऊ वर्षं तिची छाती चोळलेली, विडी सोडलेली, देवळात भाषण केलेलं. हे सगळं त्या एका हिरव्या पानापुढं कुठं ठेवणार?

दादासाहेबानं कुणाची तरी जीप आणली. वालचंदनगरच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. दादासाहेब खाली उतरून गाडीवानांच्या हातापाया पडत वाट काढत होता. बाजूच्या रानांतूनही धूर येत होता, कारण पाण्याची पाळी सगळ्यांनाच आली होती. मागच्या बाकावर साखरबाईचं डोकं गेणबाच्या मांडीवर होतं. आडवी झाली होती ती. नऊ वर्षांनी पहिल्यांदा आडवी झाली होती. रांग सुटायच्या आतच ते डोकं जड झालं. गेणबानं जीपवाल्याला सांगितलं नाही. थोडा वेळ तसाच जाऊ दिला. मग म्हणाला, "फिरव बाबा."

सकाळी माणसं जमली तेव्हा सरणाची लाकडं कुठून आणायची ही बोलणी सुरू झाली. गेणबा म्हणाला, "पुरायचं हाय." थोरला चुलतभाऊ म्हणाला, "आरं, ती पयली रीत. आता जाळत्यात समदी."

"तिला धूर नगं," गेणबा म्हणाला.

जागा त्यानंच दाखवली, बांधाच्या कडेला लिंबाखाली, जिथं ती भाकरी घेऊन बसली होती. सात घरांचे सात पुरुष कुदळी घेऊन आले. जळालेली जमीन वरून विटेसारखी भाजून निघाली होती, कुदळ ठण्णकन उलटी यायची. राखेनं सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे. खड्डा खणताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मातीत एक गांडूळ सापडलं, वाळून दोरा झालेलं. जोतीरामनं ते फावड्यानं पटकन बाजूला केलं.

माती लोटून झाली तेव्हा जोतीराम हुंदका देऊन रडायला लागला. गेणबाजवळ आला, त्याचे हात धरले.

"गेणबादा, वैनीची शप्पत घिऊन सांगतो. आन कुनी मोडली न्हाय. काडी कुनीच लावली न्हाय."

गेणबानं हात सोडवून घेतले. लिंबाच्या बुडाशी रात्रीपासून ठेवलेला फाटा उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"बघ," तो म्हणाला. "एक तरी पान करपलंय का बघ. ह्यो माज्या हातात हुता. जाळ हितनं गेला, माज्या पायाखालनं. मी उभा हुतो. वारं बघितलं आनि उभा ऱ्हायलो. आन कुनी मोडली ते मला इचारू नगंस. मी मोडली."

पलीकडच्या दोन रानांचे मालक मागं उभे होते. त्यांतला एक खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. बाकीचे फाट्याकडं बघत राहिले. कालव्यापल्याडच्या वस्तीवर त्याच वेळी नवा धूर उठला होता. सगळ्यांनी तोही बघितला.

मग चारीवरून पाटकऱ्याची हाक आली. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. "गेनबा, पाळी तुमची! दार उघडलंय! रान झ्याक झालंय की तुमचं!"

पाणी आलं. काळ्या सऱ्यांतून ते धावतच आलं, कुठंही न अडता, न तुंबता, वरती राख तरंगत. दोन एकरांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कधी नव्हे इतक्या लवकर पोचलं. दादासाहेब हातात फावडं घेऊन उभा होता, पण त्याला हलता येत नव्हतं. पाणी लिंबाकडच्या सरीत शिरलं आणि ओल्या मातीच्या ढिगाऱ्याकडं सरकू लागलं.

गेणबा गुडघ्यांवर बसला. फाटा बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी माती ओढून तो ढिगाऱ्याभोवती वरंबा घालू लागला. एका बाजूनं घातला की पाणी दुसऱ्या बाजूनं यायचं. तो तिकडं सरकायचा. ओरबाडलेल्या हातांत राख जात होती. माणसं पुढं आली, तर त्यानं कोपरानंच त्यांना मागं सारलं.

"सरा," तो म्हणाला. "मलाच करू द्या. तिला गारठा सोसत न्हाय."